नदीकाठी कन्व्हेन्शन सेंटर: आधी पाणी, मग ट्रक, मग देखावा

शहराच्या मध्यात, नदीच्या काठावर कन्व्हेन्शन सेंटर उभारायचे ठरले की पहिल्याच बैठकीत संकल्पचित्र टेबलावर येते. काचेची लांबलचक भिंत, नदीत उतरणाऱ्या पायऱ्या, पाण्यात पडलेले दिवे. त्या चित्रात दोन गोष्टी कधीच दिसत नाहीत. एक म्हणजे पुराचे पाणी, दुसरी म्हणजे प्रदर्शनाचा माल घेऊन आलेला चाळीस फुटी ट्रेलर. इमारत कुठे बसेल, किती उंचीवर बसेल आणि तिची पाठ कोणीकडे असेल, हे या दोघांवरच ठरते. त्यांचा निकाल लावून मग देखाव्याकडे वळलात तर देखावाही चांगला साधतो. क्रम उलटा झाला तर पुढची चाळीस वर्षे इमारत चालवणारे लोक ती चूक निस्तरत बसतात.

हा लेख महापालिकेचे अभियंते, वास्तुरचनाकार आणि अशा प्रकल्पावर मत द्यावे लागणारे नगरसेवक व नागरिक यांच्यासाठी आहे. आकडे प्राथमिक आराखड्यापुरते धरावेत. अंतिम गणित त्या त्या जागेची मोजणी आणि बोअर (माती-कातळ तपासायला घेतलेली खोल छिद्रे) पाहूनच होते.

किती मोठे हवे, ते स्टॉलवरून काढा

आसनसंख्येपासून सुरुवात करू नका, स्टॉलपासून करा. आपल्याकडचा साधा स्टॉल ३ मीटर × ३ मीटरचा, म्हणजे ९ चौरस मीटरचा असतो. मधल्या वाटाही ३ मीटरच्या धरल्या आणि नोंदणी कक्ष, खाण्याची जागा, आपत्कालीन वाटा मोजल्या, तर हॉलच्या निम्म्याच जागेवर प्रत्यक्ष स्टॉल बसतात. ३०० स्टॉलचे प्रदर्शन म्हणजे २,७०० चौरस मीटर स्टॉल आणि साधारण ५,५०० ते ६,००० चौरस मीटरचा हॉल. त्याला हॉलच्या पाव ते तिसरा हिस्सा एवढी बाहेरची लॉबी, बैठकीच्या खोल्या, भटारखाना, गोदाम, यंत्रकक्ष आणि माल उतरवायचे आवार जोडा. एकूण बांधकाम हॉलच्या अडीच-तीन पट सहज होते.

आता उपलब्ध भूखंड बघा. एकाच पातळीवर सगळे बसवायचे तर ६,००० चौरस मीटर हॉलसाठी चार हेक्टरच्या आसपास जमीन लागते, आणि जुन्या पेठांच्या कडेला तेवढी सलग जमीन क्वचितच मिळते. मग इमारत वर चढवावी लागते. डब्लिनमध्ये लिफी नदीकाठच्या छोट्या भूखंडावर २०१० साली उघडलेले केंद्र असेच एकावर एक मजले रचून केले आहे. ते परिषदांना उत्तम, पण जड यंत्रांच्या प्रदर्शनाला तशी रचना गैरसोयीची. तेव्हा आपल्या शहरात काय भरणार आहे, डॉक्टरांच्या परिषदा की शेतीयंत्रांची प्रदर्शने, याचे उत्तर जागा शोधायच्या आधीच हवे.

पातळी: इथे घाई करू नका

महाराष्ट्रात नदीकाठच्या जमिनीवर दोन रेषा असतात. निळी पूररेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल पूररेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाचा विचारच नको. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये बांधकाम करता येते, पण राज्याच्या एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे जोते लाल रेषेच्या किमान ०.४५ मीटर वर हवे.

‘शंभर वर्षांतून एकदा’ हे शब्द फसवे आहेत. दर वर्षी तो पूर येण्याची शक्यता १ टक्का असते. इमारतीचे आयुष्य ५० वर्षे धरले तर त्या काळात निदान एकदा तरी तो पूर पाहण्याची शक्यता जवळजवळ ४० टक्के निघते. २५ वर्षांच्या पुराचे गणित तसेच केले तर ८७ टक्के. म्हणजे निळ्या रेषेपर्यंतचे पाणी येणार असेच धरून चालावे. लाल रेषेचे पाणीही नाण्याच्या एका बाजूपेक्षा फार कमी शक्यतेचे नाही.

सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. पुण्यात तर १२ जुलै १९६१ ला धरण फुटून पाणी गावात शिरले होते. अमेरिकेत पिट्सबर्गला पूरपातळी २५ फुटांची, आणि मार्च १९३६ मध्ये पाणी ४६ फुटांवर चढले. म्हणून ०.४५ मीटर ही कायद्याची किमान अट आहे, डिझाइनचे उद्दिष्ट नव्हे. नोंद झालेली सर्वोच्च पातळी आणि लाल रेषा, यांतली जी वर असेल तिच्याही एक मीटर वर मुख्य मजला ठेवावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पातळीचे काम असे करा. जलसंपदा विभागाकडून पूररेषांचा नकाशा आणि त्या रेषांची आरएल (ठरावीक संदर्भ पातळीपासून मोजलेली उंची) घ्या. नुसता रंगीत नकाशा पुरत नाही, प्रत्येक छेदावरचा आकडा हवा. महापालिकेच्या मोजणीतला बेंचमार्क (ज्याची उंची आधीच ठरलेली असते ती खूण) आणि जलसंपदा विभागाचा बेंचमार्क एकच आहे का, ते ऑटो लेव्हल हे पातळी मोजायचे यंत्र लावून स्वतः तपासा. दोन खात्यांच्या आकड्यांत फरक निघतो आणि त्यात जोते कमी पडते. मग काठावर फिरून जुन्या घाटांवरच्या, देवळांच्या भिंतींवरच्या आणि जुन्या घरांतल्या पुराच्या खुणा मोजा. कागदावरची रेषा आणि भिंतीवरची खूण जुळत नसेल तर खुणेवर विश्वास ठेवा.

जागा खोलगट असेल तर भराव टाकून उंच करू, असे कोणीतरी सुचवतेच. दोन हेक्टरवर दोन मीटर भराव म्हणजे ४०,००० घनमीटर. दहा घनमीटरच्या टिपरने चार हजार खेपा. आणि पुरात तेवढे पाणी आता तुमच्या जागेत न मावता शेजारच्या वस्तीत जाते. भराव टाळा. इमारत खांबांवर उचला, खालची जागा मोकळी ठेवा, खांबांच्या रांगा प्रवाहाच्या दिशेने लावा म्हणजे वाहून आलेली झाडे आडवी अडकणार नाहीत.

बांधावरही फार भिस्त ठेवू नये. अमेरिकेतल्या नॅशव्हिलजवळच्या एका प्रचंड हॉटेल-परिषद संकुलाला शंभर वर्षांच्या पुराच्या हिशेबाने बांध होता. मे २०१० मध्ये कंबरलंड नदी त्यावरून आली. पाहुण्यांना रातोरात हलवावे लागले आणि संकुल नोव्हेंबरपर्यंत बंद राहिले. बांध ओलांडून आत आलेले पाणी बाहेर पडायलाही बांधच आड येतो.

याउलट उदाहरण न्यू ऑर्लिन्सचे. तिथले कन्व्हेन्शन सेंटर १९८४ च्या जागतिक प्रदर्शनाच्या मोठ्या हॉलपासून वाढत गेले आणि ते अगदी मिसिसिपीच्या काठाला आहे. तरीही २००५ च्या कतरिना वादळानंतर शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली असताना ती जागा कोरडी राहिली. गाळाच्या प्रदेशात नदी दर पुराला काठावर गाळ टाकत जाते, त्यामुळे काठच सगळ्यात उंच होतो आणि मागचा भाग सखल राहतो. तेव्हा ‘नदीपासून दूर म्हणजे सुरक्षित’ हेही आंधळेपणाने मानू नका. जमिनीचे चढ-उतार दाखवणारा कंटूर नकाशा बघा. त्याच इमारतीत सुमारे वीस हजार माणसे आसऱ्याला आली आणि त्यांना दिवसेंदिवस अन्न-पाणी मिळाले नाही, कारण आसरा म्हणून तिची तयारीच नव्हती. शहरातली सर्वांत मोठी छताखालची जागा आपत्तीत लोक शोधणारच. पिण्याच्या पाण्याची टाकी, जनरेटरचे इंधन आणि पूर असतानाही सुरू राहणारा एक रस्ता, हे तिघे आराखड्यात पहिल्यापासून धरा.

जमिनीखाली काय आहे

पुण्यासारख्या ठिकाणी काठावर थोड्या खोलीवर कातळ लागतो. कृष्णाकाठी गाळाचा थर खोल असतो. आणि कुठल्याही जुन्या शहराच्या काठावर वरचे दोन-तीन मीटर विटा, राख, मांडवाचे बांबू, जुने पाडकाम यांचा भराव सापडतो. साधारण ०.४ हेक्टरच्या जागेला चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक बोअर, हे भारतीय मानकाचे धोरण आहे. मोठ्या हॉलला त्याच घनतेने जाळे टाका, कारण दूरदूरच्या खांबांवर पेललेल्या छताचा सगळा भार थोड्याच खांबांवर येतो आणि एका खांबाखाली जुना नाला निघाला तर तेवढाच खांब खचतो. दोन बोअरमध्ये सच्छिद्र नळ्या बसवून एक अख्खा पावसाळा भूजल पातळी मोजा. मे महिन्यातल्या एका मोजणीवर तळघराचे डिझाइन करणे धोक्याचे आहे.

तळघराबद्दल तर हिशेबच बोलू द्या. पाण्याची पातळी तळघराच्या तळापेक्षा ४ मीटर वर असेल तर पाणी दर चौरस मीटरला ४ टन जोराने वर ढकलते. तो जोर नुसत्या वजनाने दाबायचा तर १.६ मीटर जाडीचे भरीव काँक्रीट लागते. मोठ्या हॉलवर मजले नसतात, छत हलके असते, म्हणून वरून वजनही मिळत नाही. अशी रिकामी पेटी पुरात तरंगू पाहते. लादी फुगते, भिंतीच्या सांध्यातून पाणी उसळते. कातळात अँकर (पोलादी नांगर) किंवा ताण घेणारे पाइल (खोलवर गाडलेले खांब) घालून ती धरता येते, पण खर्च मोठा. नदीकाठी तळघर नसलेलेच बरे. वाहनतळ खांबांखालच्या मोकळ्या जागेत ठेवा आणि पुराचा इशारा आल्यावर गाड्या काढायची व्यवस्था लिहून ठेवा.

ट्रान्सफॉर्मर, मुख्य पॅनेल, जनरेटर, अग्निशमन पंप आणि लिफ्टची यंत्रे लाल रेषेच्या वरच हवीत. लिफ्टचा खड्डा बुडणार असेल तर पूर येताना लिफ्ट वरच्या मजल्यावर थांबवायची सोय करा. नदीत सोडलेल्या पावसाळी पाण्याच्या प्रत्येक नळाला आणि मैलावाहिनीला उलटे पाणी रोखणारी झडप हवी. पुष्कळदा नदी दारातून येत नाही, शौचालयातून येते.

ट्रक कुठून येणार

पाण्याने पातळी ठरवली. आता ट्रक इमारतीची पाठ ठरवतील.

समजा ३०० स्टॉलच्या प्रदर्शनाला १०० गाड्या माल येतो, एका गाडीला दीड तास लागतो आणि माल उतरवायचे ८ धक्के आहेत. सलग काम चालले तरी जवळपास १९ तास. मांडणीला दीड दिवस असतो आणि बहुतेक शहरांत दिवसा अवजड वाहनांना मध्यभागी बंदी असते. म्हणजे ८ धक्के अपुरे आहेत. हॉलच्या दर ४००-५०० चौरस मीटरला निदान एक धक्का धरा, आणि एक दार असे ठेवा की ट्रक थेट हॉलमध्ये येईल: सुमारे ५ ते ६ मीटर रुंद आणि तेवढेच उंच.

चाळीस फुटी ट्रेलर ओढणाऱ्या गाडीसकट साधारण १६ मीटर लांब असतो. तो वळून मागे धक्क्याला लागायला धक्क्यासमोर ३५ मीटर मोकळे आवार लागते. नकाशावर हे आवार सगळ्यात आधी आखा, कारण पुढे जागा कमी पडली की पहिली कुऱ्हाड यावरच चालते. मग ट्रक रस्त्यावर आडवा होतो आणि संपूर्ण पेठ अडते. शहराबाहेर महामार्गालगत गाड्या थांबवायचा तळ ठेवा. तिथून फोनवर क्रमांक पुकारून एकेक गाडी आत सोडायची. हा तळ नसेल तर रात्री दोन वाजता रांग नदीकाठच्या रस्त्यावर लागेल आणि शेजारच्या वाड्यांतल्या लोकांची झोप जाईल.

हॉल वर उचलला असेल तर ट्रकही वर चढले पाहिजेत. १ ला १५ चढाने ८ मीटर वर जायला १२० मीटर लांबीचा उतार लागतो, वळणावर त्याहून जास्त. १ ला १० केला तर जागा वाचते, पण भरलेला ट्रेलर पावसात घसरतो. मालाच्या मोठ्या लिफ्टवर सगळे सोपवणे हा मार्ग परिषदेला चालतो, प्रदर्शनाला नाही. एक लिफ्ट बंद पडली की उद्घाटनाच्या आदल्या रात्री अर्धा माल खालीच.

पिट्सबर्गचे केंद्र (२००३, वास्तुरचनाकार राफाएल विन्योली) या बाबतीत अभ्यासण्यासारखे आहे. अॅलेघेनी नदीच्या दक्षिण काठाला, ऐन शहरात, मुख्य हॉल वरच्या पातळीवर आहे आणि काठाचा रस्ता इमारतीखालून जातो. तो रस्ता पुरात बंद होतो, पण वरचा हॉल चालू राहतो. बुडणारे खाली आणि न बुडायचे वर, ही वाटणी मला सर्वांत शहाणी वाटते.

नदीकडची बाजू

ट्रक शहराच्या रस्त्याकडे किंवा बाजूला, नदीकडे कधीच नाही. नदीकडे आलेली धक्क्यांची भिंत म्हणजे काठ कायमचा गेला. शिकागोत सरोवराच्या काठावर १९६० मध्ये उघडलेल्या अवाढव्य प्रदर्शन इमारतीला सार्वजनिक काठ अडवला म्हणून आधीपासून विरोध होता, तो याच कारणाने.

आपल्याकडे काठाचे हक्क आणखी जिवंत आहेत. घाटावर दशक्रिया होतात, गणपती विसर्जनाला हजारो लोक येतात, धुणे-पोहणे चालते. इमारत आणि पाणी यांच्यामध्ये किमान १५ ते २० मीटरचा सलग सार्वजनिक पट्टा ठेवा, फाटकाशिवाय. घाटाकडे जाणारी प्रत्येक जुनी बोळ इमारतीच्या पोटातून किंवा कडेने नदीपर्यंत पोचलीच पाहिजे. केंद्राचे वेळापत्रक करताना अनंत चतुर्दशीच्या दोन दिवसांवर आधीच फुली मारून ठेवा. त्या दिवसांत रस्ते बंद असतात, तुमचा माल येऊ शकत नाही.

पट्ट्यावर पुराचे पाणी येणार हे मानूनच बांधकाम करा: दगडी फरशी, दगडी बाक, काढता येणारे दिव्यांचे जोड, गाळ धुवायला उंचावर पाण्याचे नळ. पूर ओसरल्यावर गाळ ओला असतानाच धुवावा लागतो. वाळला की फावड्याने खरवडायचे काम होऊन बसते.

काचेविषयी एकच गोष्ट. पिट्सबर्गला नदी इमारतीच्या उत्तरेला आहे, म्हणून तिथे मोठी काच सुखाने चालते. छताचे वळणही असे आहे की नदीवरची हवा आत येऊन वर खेचली जाते. तुमची नदी पश्चिमेला असेल तर तीच काच एप्रिलच्या दुपारी चारला भट्टी होते. मग चार-पाच मीटर खोल व्हरांडा द्या, किंवा काचेचा भाग लॉबीपुरता ठेवा. हॉलला तशीही काच नकोच असते, पडद्यावरचे चित्र पुसट दिसते.

हॉलच्या आत

इथे सगळ्यात महागडी चूक जमिनीच्या भारात होते. भारतीय मानकात आसने नसलेल्या सभागृहाला ५ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर (सुमारे ५०० किलो) भार दिला आहे. तो माणसांसाठी आहे. प्रदर्शनात फोर्कलिफ्ट, ट्रक आणि यंत्रे येतात, त्यासाठी १५ ते २० किलोन्यूटन धरावे लागतात. हॉल उचललेला असेल तर हा फरक खांब-तुळयांच्या खर्चात ठळक दिसतो, आणि तिथेच काटकसर सुचवली जाते. ती मान्य करू नका. नंतर लादी मजबूत करणे जवळपास अशक्य असते.

स्टॉल ३ मीटरचा, म्हणून खांबांचे अंतर ३ च्या पटीत, २७ किंवा ३० मीटर. जमिनीतले वीज-पाणी-डेटाचे खड्डे दर ९ मीटरवर. वीज आणि पाणी एकाच डब्यात आणायचे असेल तर मध्ये पडदी आणि तळाला निचरा हवा. स्वच्छ उंची ९ ते १२ मीटर, छताला टांगायचे बिंदू दर ९ मीटरवर आणि प्रत्येकावर किती किलो चालेल ते रंगाने लिहिलेले.

बाहेर पडण्याच्या वाटा आराखड्याच्या सुरुवातीलाच मोजा. ६,००० चौरस मीटर हॉलमध्ये माणशी १.५ चौरस मीटर धरले तर ४,००० माणसे. सपाटीवरच्या दाराला माणशी ६.५ मिलीमीटर रुंदी, म्हणजे एकूण २६ मीटर, म्हणजे दोन मीटरची १३ दारे. राष्ट्रीय इमारत संहितेत दारापर्यंतच्या अंतराची मर्यादा ३० मीटर, स्प्रिंकलर (आगीत आपोआप पाणी फवारणारे नळ) असल्यास ४५. मध्यातल्या माणसालाही तेवढ्यात दार गाठता आले पाहिजे, आणि तेही स्टॉलच्या वाटांतून वळणे घेत. नदीकडची दारे उघडतात त्या पट्ट्यावर पाणी असताना ही गणना कोसळते, म्हणून पुरेशी दारे शहराच्या बाजूलाच हवीत.

शिकागोतली तीच इमारत १६ जानेवारी १९६७ ला जळाली. प्रदर्शन हॉलमध्ये स्प्रिंकलर नव्हते, बाहेरचे अग्निशमन नळ चालले नाहीत, उघड्या पोलादी कैच्या उष्णतेने वाकून छत खाली आले. हॉल उंच आहे म्हणून आग पोचणार नाही, हा समज त्या दिवशी खोटा ठरला. स्टॉल म्हणजे प्लायवूड, कापड आणि तात्पुरती वायरिंग. इतके जळाऊ सामान एरवी एका छताखाली क्वचितच येते.

बांधणीचा क्रम

पैशांबाबत थोडक्यात: अशी केंद्रे भाड्यावर स्वतःचा बांधकाम खर्च सहसा भरून काढत नाहीत, शहराला फायदा हॉटेले आणि दुकानांतून मिळतो. म्हणून दरवर्षीच्या देखभालीची तरतूद मंजुरीच्या ठरावातच लिहून घ्या. ५०० मीटरच्या आत पुरेशा हॉटेल खोल्या नसतील तर बाहेरगावच्या परिषदा येणार नाहीत. ‘हॉटेल नंतर येईल’ या आशेवर हॉल मोठा करू नये.

पाया आणि पाण्यालगतचे काम ऑक्टोबर ते मे याच काळात बसले पाहिजे. निविदा जानेवारीत उघडली तर पहिला हंगाम वाया गेला असे समजा. मे अखेरपर्यंत खांब लाल रेषेच्या वर आले नसतील तर खोदाई बुजवून जागा सोडा. अर्धा खड्डा पावसाळ्यात ठेवला की कडा ढासळून शेजारच्या घरांचे पाये उघडे पडतात. सिमेंट, पोलाद, जनरेटर सगळे उंचावर. धरणातून सोडलेल्या पाण्याच्या क्युसेकच्या आकड्यावर जागा कधी रिकामी करायची, तो तक्ता मुकादमाच्या खोलीत लावलेला असावा.

शेवटी एक जागा वेगळ्याने तपासा: ट्रक फिरतात त्या उचललेल्या लादीचे प्रसरण सांधे. ५ फेब्रुवारी २००७ ला, कडाक्याच्या थंडीत, पिट्सबर्गच्या केंद्रात ट्रेलर उभा असताना माल उतरवायच्या मजल्याचा तुकडा अशाच सांध्यापाशी खाली कोसळला. सुदैवाने कोणी दगावले नाही. असा सांधा सरकण्यासाठीच असतो. तिथल्या लांबट भोकातला बोल्ट जास्त आवळला, गंजला किंवा रंगाने चिकटला, की सरकायची जागा संपते आणि सगळा ताण जोडणीवर येतो. नदीकाठच्या दमट हवेत गंज लवकर धरतो. या प्रत्येक जोडणीला क्रमांक द्या, खालून शिडी लावून पोचता येईल अशी जागा ठेवा, भोकात बोल्ट कुठे उभा आहे त्याचे मिलीमीटर मे महिन्यात आणि जानेवारीत मोजून वहीत लिहा. दोन आकडे सारखेच आले तर तो सांधा अडला आहे, आणि तो सुटेपर्यंत त्या लादीवर ट्रक सोडू नये.